आम्ही जिंकलो

पक्षकाराची वकालतनाम्यावर सही झाल्यावाचून त्याच्या वतीने न्यायालयात उभे राहता येत नाही, हा आमच्या व्यवसायातील अगदी पहिला धडा. एखादा नवखा वकील उठून 'आमचे म्हणणे असे आहे' असे आवेशाने बोलू लागला, की समोरचे एखादे मुरलेले वकील शांतपणे विचारतात, 'आमचे म्हणजे कोणाचे?' हा प्रश्न आम्हीही आजवर पुष्कळांस विचारला असेल. परंतु 'आम्ही जिंकलो' हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा वकालतनाम्यावाचून उच्चारले, याचा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता. तो मांडण्याचा प्रसंग गेल्या दिवाळीत आला. आणि आमच्या घराण्यात आजवर कोणीही न खेळलेल्या बास्केटबॉल नावाच्या खेळाने तो आणला, हे त्यातले विशेष.

आमची धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेस गेली. तिचे बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅले या शहरी आहे. तिचा मुलगा तेथल्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकतो. दिवाळीस तो भालकीस आजोळी आला, तो अंगात लालभडक सदरा घालूनच. सदऱ्यावर विद्यापीठाचे नाव पांढऱ्या अक्षरांत होते. फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या तो आम्हांस म्हणाला, "मामा, १९७४ साली आम्ही यूसीएलएला हरवलं होतं, ठाऊक आहे?"

आम्ही सवयीने उलटतपासणी सुरू केली. "१९७४ साली तुझी आईसुद्धा जन्माला आली नव्हती. आम्ही म्हणजे कोण?"

मुलगा हसला, पण गोष्ट त्याने रंगवून सांगितली. यूसीएलए म्हणजे लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ. जॉन वूडन हे त्यांचे शिक्षक. या विद्यापीठाने १९६७ पासून १९७३ पर्यंत सलग सात वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिले नाही. आठव्या वर्षी उपांत्य सामना ग्रीन्सबरो या गावी, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्याच भूमीवर झाला. दोन वेळा खेळ वाढवून द्यावा लागला, आणि अखेर ८० विरुद्ध ७७ अशा गुणांनी स्टेट विद्यापीठाने ती मालिका तोडली. डेव्हिड टॉमसन हा त्या विजयाचा नायक त्याच राज्यातल्या शेल्बी नावाच्या लहानशा गावचा. रॅलेतील लोक तो सामना आपण स्वतः खेळल्यासारखे वर्णितात, असे भाचा म्हणाला.

आमचे वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना बास्केटबॉलमधले काही कळत नाही. पण साल ऐकताच त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "चौऱ्याहत्तर? आमचाही घात त्याच साली झाला. तोही उपांत्य सामन्यातच. बंगळुरात."

वाचकांतील वडीलधाऱ्यांनी हा कोणता घात ते ओळखले असेल. रणजी करंडक १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईच्या कपाटात होता. त्याच सुमारास अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाने १९५९ ते १९६६ अशी सलग आठ विजेतेपदे मिळविली, आणि तो पराक्रम तेथे आजही आश्चर्याने सांगितला जातो. हे भाच्याकडून ऐकल्यावर वडिलांनी 'आठच का?' एवढेच विचारून पुन्हा चष्मा लावला.

मुंबईचे हे साम्राज्य आकाशातून पडले नव्हते. दादरचे शिवाजी पार्क आणि दक्षिणेकडची ती विस्तीर्ण मैदाने, जेथे एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो. शाळाशाळांमधली हॅरिस ढाल. १९४८ पासून भर पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग. कचेऱ्यांचे संघ आणि खेळाडूंना तेथे मिळणाऱ्या नोकऱ्या. यांतून ते उभे राहिले. चेंडू ओल्या खेळपट्टीवर कसाही उसळो, बाद व्हावयाचे नाही, ही शिकवण मुलाला शाळेतच मिळे. पण आमच्या वडिलांनी हे काहीही पाहिलेले नव्हते. त्यांनी त्या वेळेपर्यंत मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. वर्तमानपत्र भालकीस दुसऱ्या दिवशी येई. शाळा सुटल्यावर वाचनालयात जाऊन ते धावफलक वहीत उतरून घेत. मुंबई जिंकली की ती वही घेऊन घरी येताना त्यांची चाल बदलत असे, अशी आमच्या आजीची साक्ष होती.

भालकीच्या मास्तरांनी मुंबईसाठी का झुरावे, हा प्रश्न बाहेरच्या माणसास पडेल. सीमेवरच्या माणसास तो पडत नाही. १९५६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या दिवशी राज्याचे तीन भाग झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे म्हैसूर राज्यात आले. माणसे जेथे होती तेथेच राहिली. उदगीरला दिलेली मुलगी आणि भालकीचे माहेर यांमध्ये एकाएकी राज्याची हद्द उभी राहिली. २००४ साली या सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याच्या गुणदोषांविषयी आम्ही येथे एक अक्षरही लिहिणार नाही. वकिलाने न्यायालयाबाहेर करू नये अशा गोष्टींत ती येते. आमचा मुद्दा लहान आहे. ज्यांची भाषा एका राज्याची आणि शिधापत्रिका दुसऱ्या राज्याची, ती माणसे अभिमानासाठी फार दूरवर हात पसरतात.

आमच्या एका घरात तीन संघ नांदत. वडील मुंबईचे. आईचे माहेर हैदराबादचे, म्हणून मामा हैदराबादचे. मोटगानहळ्ळी जयसिंहाच्या रेशमी सदऱ्याची उभी केलेली कॉलर ते आपल्या खादीच्या सदऱ्यावर करून पाहात. आणि आमच्या शाळेतले सोबती बहुतेक कर्नाटकचे. दक्षिण विभागात हैदराबाद आणि म्हैसूर यांची गाठ दर वर्षी पडे, त्यामुळे मामांचा सदरा दर वर्षी कोणाच्या तरी थट्टेचा विषय होई. यांपैकी कोणत्याही संघात भालकीचा मुलगा नव्हता, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. बीदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. बंगळूर सुमारे ७०० किलोमीटर. १९५६ नंतर येथील मुलास निवड चाचणीसाठी ज्या गावी जावयाचे, ते पाचपट दूर गेले. अभिमानास मात्र तिकीट लागत नाही, म्हणून तो कोठेही जाऊन पोचला.

तर १९७४ साल. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले होते, आणि संघही प्रथमच त्या नावाने खेळत होता. एरापल्ली प्रसन्ना कर्णधार. भागवत चंद्रशेखर त्यांच्या जोडीला. गुंडप्पा विश्वनाथ खेळावयास आले, आणि पहिल्याच चेंडूवर ते पायचीत असल्याचे जोरदार अपील झाले. पंचांनी ते फेटाळले. जुने मुंबईकर त्या निकालावर अजून मनातल्या मनात पुनर्विचार अर्ज करीत असतात. विश्वनाथांनी १६२ धावा काढल्या, ब्रिजेश पटेलांनी शतक केले, आणि कर्नाटकच्या ३८५ झाल्या. प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडविला. तरी अजित वाडेकर आणि अशोक मंकड यांनी डाव सावरून धरला होता. इतक्यात धाव घेताना वाडेकरांचा पाय घसरला आणि ते धावबाद झाले. मुंबई ३०७ वर आटोपली. पहिल्या डावातील अठ्ठ्याहत्तर धावांच्या आघाडीवर पंधरा वर्षांचे साम्राज्य गेले. वडिलांनी त्या दिवशीचा धावफलक वहीत उतरून घेतला नाही. ते पान अजूनही कोरे आहे. आम्ही ते पाहिले आहे.

हा वारसा आम्हांकडे आला, आणि आम्ही त्याचा कसा उपयोग केला ते आता सांगितले पाहिजे. ते सांगण्यासाठीच हा लेख.

२००८ साली उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ गुलबर्ग्यास सुरू झाले आणि आम्ही तेथे बिऱ्हाड केले. वकिलांच्या खोलीत आमच्या टेबलाशेजारी एक कन्नड भाषिक वकील बसत. वयाने आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. आमचे कन्नड बोलण्यापुरते होते, कागदपत्रांपुरते नव्हते. त्या गृहस्थांनी पहिली दोन वर्षे आमचे कित्येक जबाब रात्री घरी बसून तपासून दिले, आणि त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. आमच्या डब्यातली शेंगादाण्याची चटणी त्यांना आवडे. त्यांच्या घरची जोळद रोट्टी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, आम्हांस आवडे. असा तो व्यवहार होता.

२०१० च्या जानेवारीत म्हैसुरास रणजीचा अंतिम सामना झाला. मुंबई विरुद्ध कर्नाटक. कर्नाटकला जिंकण्यास ३३८ धावा हव्या होत्या. वीस वर्षांच्या मनीष पांडे यांनी १४४ धावा काढून सामना जवळजवळ खेचून आणला होता. तरी कर्नाटकचा डाव ३३१ वर संपला, आणि मुंबई सहा धावांनी जिंकली. तो दिवस नेमका संक्रांतीचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पितळी डबा भरून तिळगूळ नेला. सर्वांच्या देखत त्या गृहस्थांच्या टेबलाजवळ गेलो, सहा लाडू मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि मोठ्याने म्हणालो, "तिळगूळ घ्या, गोड बोला. एक एक धावेचा एक एक. आम्ही जिंकलो!" खोलीत हशा पिकला. त्या हशात आमचा आवाज सर्वांत मोठा होता.

त्यांनी लाडू परत दिले नाहीत. ते एका कागदात नीट बांधले, मग आमच्याकडे पाहून त्यांच्या मराठीत म्हणाले, "सामना कोण जिंकला ते कळलं, वकीलसाब. तुम्ही किती धावा काढल्या?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्ही काही उत्तर दिले असते. पुढे कित्येक महिने ते आमच्याशी कामापुरते बोलत. आमच्या जबाबांच्या मसुद्यांना आता आम्हीच खाडाखोड करीत होतो. तिळगुळाचा उपयोग कोणास टोचण्याकरिता करणारा मनुष्य त्या दिवशी आमच्यावाचून दुसरा कोणी या दोन्ही राज्यांत नसावा, असे आम्हांस आज वाटते.

पाच वर्षे गेली. २०१५ च्या फेब्रुवारीत बंगळुरास उपांत्य सामन्यात कर्नाटकने मुंबईचा डाव ४४ धावांत गुंडाळला. चव्वेचाळीस! विनय कुमार यांनी सहा गडी बाद केले. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत पाऊल टाकताना आमचे पाय जड झाले होते. आम्ही चव्वेचाळीस लाडूंची कल्पना करीत होतो. ते गृहस्थ आपल्या जागी बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ऊन फार झालंय, वकीलसाब. ताक घेऊया." ताक पिऊन झाले, भाव-भाकरीच्या गोष्टी झाल्या, एका अपिलाच्या मुदतीविषयी बोलणे झाले, सामन्याचा उल्लेख शेवटपर्यंत झाला नाही. ज्याच्याकडे विजय होता त्याने तो खिशातून बाहेर काढलाच नाही. आमच्या उलटतपासणीच्या सर्व आयुष्यात आम्हांस इतके निरुत्तर कोणी केलेले नाही.

ही हकीकत आम्ही भाच्यास सांगितली. त्यावर त्याने जे सांगितले त्याने आम्ही अधिकच विचारात पडलो. नॉर्थ कॅरोलायनातील बास्केटबॉलचा एवढा अभिमान. पण तेथे हे वेड लावले ते एव्हरेट केस या शिक्षकाने, आणि तो १९४६ साली रॅलेस आला तो इंडियाना राज्यातून. ज्यांना १९७४ साली हरविले त्या यूसीएलएचे वूडन हेही मूळचे इंडियानाचेच. आणि ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ निर्माण केला, ते तर जन्माने कॅनडाचे. अमेरिकेचा म्हणून जो खेळ ओळखला जातो तोही असा सीमेपलीकडून आलेला.

आमच्या कोकणी वाचकांस यात नवल वाटणार नाही. मुंबईच्या त्या पंधरा वर्षांतील एक खांब दिलीप सरदेसाई होते, आणि त्यांचा जन्म १९४० साली मडगावी, पोर्तुगिजांच्या अमलाखालील गोव्यात झाला होता. १९७१ साली किंग्स्टनला २१२ धावा काढून त्यांनी भारताच्या पहिल्या वेस्ट इंडीज विजयाचा पाया घातला. त्या धावा मुंबईच्या, मडगावच्या की कोकणीच्या, याची वाटणी करावयास कोणी बसले तर त्यास कोर्ट फी भरूनही निकाल मिळणार नाही.

मग प्रदेशाचा अभिमान हा सगळाच पोकळ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. भाच्याने इंडियानाची आणखी एक गोष्ट सांगितली. तेथे कित्येक दशके, १९९७ पर्यंत, राज्यातील लहानमोठ्या सर्व शाळा एकाच स्पर्धेत उतरत. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातील अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी गावच्या बलाढ्य शाळेला ३२ विरुद्ध ३० असे हरवून ती स्पर्धा जिंकली. तेथे कोठाराच्या भिंतीवर लोखंडी कडे ठोकून पोरे नेम धरीत असतात. मायलनचा म्हातारा 'आम्ही जिंकलो' म्हणतो तेव्हा त्याच्या हाती वकालतनामा असतो: मुलगा त्याच्या आळीतला, कडे त्याच्या शेजाऱ्याने ठोकलेले, आणि दिवा लावून खेळू द्यावे म्हणून भांडलेला त्याचा चुलता. मुंबईच्या मैदानांची राखण करणाऱ्यासही ते म्हणण्याचा अधिकार आहे. आम्ही भालकीस, गुलबर्ग्यास बसून काय राखले?

२०२२ साली कर्नाटकातील महाराजा करंडक 'गुलबर्गा मिस्टिक्स' या संघाने जिंकला. शहराचे नाव २०१४ सालीच कलबुर्गी झालेले. संघाने जुनेच नाव घेतले होते. सामने झाले म्हैसूर आणि बंगळूर येथे. आमच्या शहराचे नाव अजिंक्य ठरले, आणि शहर दूरचित्रवाणीपुढे बसून टाळ्या वाजवीत होते. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके उडाले. गल्लीच्या टोकाला जे मोकळे मैदान होते, त्यावर तोपर्यंत दुकानांचा गाळा उभा राहिला होता. त्या बांधकामाविरुद्ध हरकत घेण्यास कोणी आले नव्हते, हे आम्ही वकील या नात्याने सांगू शकतो. कारण आम्हीही गेलो नव्हतो.

मराठी भाषेने आपणांस दोन शब्द दिले आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. कन्नडात 'नावु' हा एकच शब्द दोन्हींकडे चालतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जो शब्द उच्चारला तो त्या गृहस्थांच्या भाषेत गेला असता तर त्यांना आत घेणारा ठरला असता. आमच्या भाषेत, आमच्या तोंडून, तो त्यांना दाराबाहेर उभे करणारा ठरला.

सुनील गावसकर यांना हे आमच्याहून फार आधी कळले असावे. १९७४ साली ज्यांच्या १६२ धावांनी मुंबई बुडाली, ते विश्वनाथ पुढे गावसकरांच्या भगिनीचे पती झाले. आणि १९७६ साली गावसकरांना मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याचे नाव ठेवले रोहन जयविश्व: वेस्ट इंडीजचे रोहन कन्हाय, हैदराबादचे जयसिंहा आणि कर्नाटकचे विश्वनाथ. मुंबईच्या घरातला हा पाळणा, आणि त्यात आमच्या घरातले भांडणारे दोन्ही संघ एकाच नावात निजलेले! तो मुलगा मोठा होऊन बंगालकडून खेळला.

हे नाव आम्ही वडिलांस फोड करून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाच्यास म्हणाले, "जा, माझी जुनी वही आण." त्यांनी ते कोरे पान उघडले, आणि थरथरत्या हाताने त्यावर लिहिले: कर्नाटक ३८५, मुंबई ३०७. विश्वनाथ १६२.

यंदाच्या संक्रांतीस त्या गृहस्थांच्या घरून एळ्ळु-बेल्ल आले. एळ्ळु म्हणजे तीळ आणि बेल्ल म्हणजे गूळ. आम्ही तिळगूळ घेऊन स्वतः गेलो. लाडू मोजले नाहीत. त्यांच्या गल्लीतल्या शाळेच्या पटांगणात एक बास्केटबॉलचे कडे आहे, जाळी नसलेले आणि एका बाजूस कललेले. ते सरळ करून घेण्यासाठी शाळेकडे अर्ज करावयाचा ठरला आहे. मसुदा कन्नडात आहे. तो आम्ही केला आणि त्यांनी तपासला. खाली सह्या दोघांच्या आहेत.